पोचे

एकतीस वर्षं मी पोचे शोधले.
डेलावेअरच्या काठी, कारखान्यात, तिसऱ्या पट्ट्यावर,
टोमॅटो सूपचे डबे समोरून जायचे
मिनिटाला दोनशे चाळीस,
आणि डोळ्यांआधी बोटांना कळायचं
कुठल्याचा खांदा दबलाय.
उचल, बाजूला टाक. उचल, बाजूला टाक.
झोपेतही हात चालायचा, स्टाश सांगायचा.
त्याचा कान मी दोनदा
पट्ट्यावरून बाजूला काढलाय.

ऑगस्टात शेतांकडून ट्रक यायचे,
पुलापर्यंत रांग, वळणावर सांडलेल्या लाल चिखलात
सायकली घसरायच्या,
आणि सगळं गाव एकाच वासात:
चर्चचे बाक, केस, वाळत घातलेल्या चादरी.
पोचे आलेले डबे आम्हांला अर्ध्या भावात.
माझी तिन्ही पोरं त्यांवर वाढली.
डबा फोड, डबाभर पाणी घाल, ढवळ.
सूप करणं म्हणजे एवढंच, असं मलाही वाटायचं.

आता तिथे गाड्या लावायची जागा आहे.
गाड्या नसतात.

काल ओडेलने पायरीवर खोकं ठेवलं.
पावसाने सगळे उलले, म्हणाला,
विकले जायचे नाहीत, आणि फेकवतही नाहीत.
मी खोकं टेबलावर पालथं केलं
आणि हात आपला आपण कामाला लागला:
हा फुटका, बाजूला.
याला डाग, बाजूला.
याचं देठाजवळ तोंड उघडलंय.
हा दोन जुळे चिकटून आल्यासारखा, बाजूला, बाजूला.
शेवटी माझ्यापुढे उरला एक.
गुळगुळीत, आणि तोही हिरवट.

खुर्चीत बसले. एकटीच हसले.
मग बाजूला काढलेले सगळे ट्रेमध्ये घेतले.

जिथे तडकले होते तिथूनच सुरी घातली,
कापायचे कष्ट अर्धे.
कांदा जाडजाड. लसणाचा अख्खा गड्डा, शेंडा उडवून.
तेल, मीठ; किती ते विचारू नका,
मापं काचेमागच्या माणसांकडे असायची,
आमच्याकडे फक्त हातमोजे.

ओव्हन चारशेवर.
समोर स्टूल टाकून बसले,
लोक टीव्हीपुढे बसतात तशी.
आधी ते घामेजले. मग पाणी सुटलं.
मग साल सैल झाली, माझ्या दंडावरच्या कातडीसारखी,
आणि कडा काळ्या पडायला लागल्या.
काळ्या!
आमच्याकडे करपल्याचा ठिपका दिसला
की भोंगा व्हायचा, पट्टा थांबायचा,
फोरमन लिओपोल्ड टोपी सावरत धावत यायचा.
मी कान दिला.
फ्रिजची घरघर तेवढी.

आणि वास आला.
टोमॅटोच्या वासात जन्म काढलेली मी,
पण हा माझ्या ओळखीचा नव्हता.
गोड, पण आत कुठेतरी धूर;
पोरवयात आईच्या मागे शेकोटीपाशी उभी होते,
तिच्या लोकरी कोटाला यायचा, तसा काहीसा.
नक्की तसाही नाही.
ओव्हनचं दार दोनदा उगीचच उघडलं.

जुन्या मिक्सरमध्ये फिरवलं, झाकण टॉवेलने दाबून,
तरी भिंतीवर एक शिंतोडा गेलाच.
गाळलं नाही.
एक बरणी ओडेलच्या पायरीवर ठेवून आले.

संध्याकाळी नातू आला, कॅस्पर, नऊ वर्षांचा.
दोन चमचे खाल्ले, तिसरा हवेत धरला.
"आजी, यात काहीतरी आहे."
काळं साल. नखाएवढं.
माझा हात सवयीने निघाला, अर्ध्यात थांबवला.
"असू दे," म्हटलं. "टोमॅटोच आहे तो."
त्याने साल चिमटीत धरलं, दिव्यापुढे नीट पाहिलं,
आणि ताटाच्या कडेला ठेवलं, बाजूला.
रक्तातच असावं आमच्या.

तो गेल्यावर मी ते उचलून तोंडात टाकलं.
कडू होतं जरा.
चांगलं होतं.