तेल कुठं साचतं

बैठकीच्या खोलीत खड्डा खणला त्यांनी.
सोफा फुटपाथवर, सोफ्यावर कुणाचं तरी मांजर.
योस्ट कमरेपर्यंत आत उतरला
आणि ओंडका हातोडीनं वाजवून पाहिला.
ठण् नाही.
थप्.
शिळा पाव ओला करून त्यावर थाप मारावी, तसा.

झान्दाममधली ही अख्खी गल्ली
पाइनच्या ओंडक्यांवर उभी आहे, चिखलात, शंभरावर वर्षं.
बुडालेलं लाकूड कुजत नाही, योस्ट म्हणाला,
उघडं पडलेलं कुजतं.
लागोपाठ कोरडे उन्हाळे आले,
जमिनीतलं पाणी हातभर खाली गेलं
आणि ओंडक्यांच्या डोक्यात हवा गेली.
मला हसू आलं. डोक्यात हवा गेलेले
माझ्या माहेरचे दोघेतिघे आठवले.
विग्गर्ट हसला नाही.
तो किंमत विचारत होता.

कोकोच्या कारखान्यानं दिलेल्या कॅलेंडरच्या पाठीवर
त्यानं रात्री सगळं मांडलं.
कुजलेली डोकी कापून काढायची,
खालच्या धडधाकट लाकडाला काँक्रीटच्या टोप्या: यात गाडी जाते.
नाहीतर घराच्या आतूनच पोलादी नळ्या,
एकीला एक जोडत, वाळूचा घट्ट थर लागेपर्यंत दाबत न्यायच्या
आणि वर ओतायची जाड फरशी,
भिंतींच्या खाचांत बोटं रुतवून बसणारी,
म्हणजे घर टेबलावर ठेवल्यासारखं: यात गाडी जाते, नावही जाते.
(नाव त्यानं हलक्या हातानं लिहिलं होतं, पेन्सिलीनं.)
की जमिनीला सलाईन लावायचं,
नळीनं पाणी पाजत राहायचं जन्मभर?
आणि शेवटी त्याच्या वडिलांची पद्धत:
दर हिवाळ्यात दार थोडं रंधून घ्यायचं.
ते दार आता चौकोनी राहिलेलं नाही.

मी टोप्यांच्या बाजूची होते.
पण भिंत एकट्याची नसते.
ओंडक्यांची मधली रांग
अर्धी आमची, अर्धी नुर्तेनची,
आणि नुर्तेन म्हणत होती, माझ्याकडे एक तडा दाखव.
मी शोधला. खरंच नव्हता.
तिनं तो वॉलपेपरखाली झाकलाय असं मी घरी येऊन म्हटलं,
भिंतीला कान असतात हे विसरून.

दोन आठवडे ती बोलली नाही.
मग एका रविवारी खोरं परत द्यायला गेले,
ती वांगी तळत होती,
आणि तव्यातलं तेल
एका बाजूला गोळा झालेलं,
आमच्या भिंतीकडे.
आमच्या स्वयंपाकघरात ते तिच्या भिंतीकडे जातं.
मी तसं सांगितलं.
नुर्तेननं गॅस बंद केला.
म्हणाली, तीन शेगड्या बदलल्या मी, तीन!
मग तिनं मला बसायला सांगितलं नाही,
चाकूच हातात दिला, उरलेली वांगी चिरायला.

योस्ट पुन्हा आला, तिच्या बाजूनं खणलं.
मधल्या रांगेत त्याची सळई
लोण्यात जावी तशी कोपरभर आत गेली.
टोप्या घालायला खाली डोकीच उरली नव्हती.
तेव्हा टेबलच. दोन्ही घरांना मिळून एकच,
भिंतीच्या पोटातून आरपार.
तिनं भावाकडून पैसे मागवले, काय सांगून ते विचारलं नाही.
विग्गर्ट संध्याकाळभर नावेत बसून राहिला,
घाटाला बांधलेल्या,
आणि अंधार पडल्यावर येऊन सही केली.

मी योस्टला विचारलं, मग घर सरळ होईल?
नाही, तो म्हणाला.
सरळ करायला गेलात तर भिंती तडकतील.
घर फक्त थांबेल.

म्हणजे पुढच्या वर्षीही
तेल तिकडेच जाईल, आमचं तिच्याकडे, तिचं आमच्याकडे.
पण तेवढंच जाईल.
दार मात्र मी त्याला नवं करू देणार नाही.
ते आता कुठं चौकटीत बसायला लागलंय.