वीस थेंब

एन्डेल,
बाटलीवर छापलंय : वीस थेंब, अर्ध्या पेल्यात, झोपण्यापूर्वी.
छापणाऱ्याच्या डोक्यात आलंच नाही
की ज्याचा हात थरथरतो म्हणून थेंब हवेत
त्याच्याच हातात बाटली असणार.

सोमवारी सदतीस पडले म्हणालास.
मंगळवारी सात,
बाकीचे मेजावर,
आणि मेजावरचे मीसूनं चाटून पुसले.
मग ती रात्रभर तुझ्या रंगाच्या डब्यांवर लोळत होती,
अंगात आल्यासारखी.

मी तेहतीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली.
या बेटावर कुणाला झोप लागत नाही,
कुणाचं काळीज विनाकारण धडधडतं,
हे त्यांच्या बायकांच्या आधी मला कळायचं.
म्हणून स्पष्टच सांगते :
हे मूळ तुझा हात बरा करणार नाही.
कॅर्डलाच्या डॉक्टरीणबाईंची गोळी सोडू नकोस,
आणि गोळीसोबत हे चालतं का, तेही त्यांनाच विचार.
माझ्या परसातल्या झाडानं कुठली परीक्षा दिलेली नाही,
बाईंनी दिली आहे.

तरी दर ऑक्टोबरात मी फावडं घेऊन ओहोळाकाठी जाते,
पाल्देर्यानची मुळं उपटते, चार पाण्यांत धुते.
वाळताना घरभर कोळ्यांच्या मोज्यांचा वास सुटतो.
बहीण म्हणते, वायके, ह्या वासानं माणूस शांत होत असेल
तर ते निव्वळ बेशुद्ध पडून.
तुझ्यासाठी त्यात मेलिसची पानं घालते,
लिंबाचा वास येतो, तेवढीच भीड राहते.

धक्क्यावरच्या सगळ्या होड्यांना नावं तू दिलीस,
म्हणजे ठेवली दुसऱ्यांनी, लिहिली तू.
मेरिके. हाल्लिक. तूले.
उताणा पडून, एका श्वासात एक अक्षर.
गेल्या उन्हाळ्यात आर्वेदच्या होडीवरचा 'मे'
काठाशी फाटल्यासारखा आला.
तू चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवलीस पुसायला.
आर्वेद म्हणाला, राहू दे,
लांबून कळत नाही,
आणि जवळ येतंय कोण?
त्यानंतर तू कुंचले धुऊन, बांधून
माळ्यावर टाकलेस.
हात टेकले, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही तुला.
टेकायला तरी तो एका जागी राहतोय कुठे.

तेव्हापासून रोज नऊला मी येते.
तू उजवा हात डाव्याखाली दाबून बसतोस
आणि तरी बशीत चमचा वाजतो.
मी ड्रॉपर तिरका धरते.
एक. दोन. तीन.
मोजताना बोलायचं नसतं,
हे तुला बाहत्तराव्या वर्षी कोण शिकवणार?
अकराव्याला तू हमखास तोंड उघडतोस.
परवा म्हणालास, वडिलांचाही हलायचा.
सूप शर्टावर सांडायचं.
आम्ही पोरं हसायचो, वायके,
टेबलाखाली एकमेकांना लाथा मारत.
ते चमचा खाली ठेवायचे
आणि पाव कोरडाच खायचे.

मी हिशेब चुकले.
दुकानात असतं तर ओतून दिलं असतं.
इथं हातचा एक धरला
आणि बारापासून पुढे गेले.

तुला गुण येतो का, मला माहीत नाही.
तू म्हणतोस, रात्री उशी हलत नाही.
मी म्हणते, झोपेत सगळ्यांचेच हात शांत असतात.
तू म्हणतोस, म्हणजे झोप लागते ना.
यावर औषधाच्या दुकानातलं उत्तर नाही माझ्याकडे.

काल मात्र चौदावा थेंब टोकाशी आला
आणि पडेना.
मी पाहिलं : ड्रॉपर हलत होता.
तुझे दोन्ही हात मेजाखाली होते,
मेजाला माझाही धक्का नव्हता.
खिडकी बंद, वारा नाही,
बशीतला चमचा गप्प.
मी मान वर केली नाही.

थेंब पडला.
तू हळूच म्हणालास, चौदा.
मी म्हटलं, पंधरा.
मीसू खुर्चीवर चढून
पेल्याकडे बघत बसली होती.