पहाटेचे पन्नास

पावणेसहाला शाळेचं फाटक उघडतं.
दुसरीच्या वर्गातली बाकं एवढीशी
की गुडघे हनुवटीला भेटतात.
भिंतीवरच्या गुजराती बाराखडीतली दोन-तीन चित्रं
हुकमाप्रमाणे वर्तमानपत्राखाली झाकलेली.

मी जशुभाईंचा एजंट. धनेशभाई समोरच्यांचे,
म्हणजे निवडून येणाऱ्यांचे.
सात निवडणुका आम्ही याच बाकावर.
आधी शिक्के होते, मग बटणं आली.
बाक तेच.

मशीन खरं बोलतं का, हे बघायला
आधी खोटी मतं टाकावी लागतात. पन्नास.
चार उमेदवार, पाचवा 'वरीलपैकी कुणी नाही',
सगळ्यांना दहा दहा,
पंगतीत वाढावं तशी.
आळीपाळीने दाबत गेलो. मोजलं तर
जशुभाई अकरा, समोरचे नऊ.
'भूल थई गई,' धनेशभाई म्हणाले
आणि चष्मा पुसायला काढला.

डभोईहून ड्यूटीवर आलेल्या केंद्राध्यक्ष बाई
कागदावर आकडे जुळवत होत्या तोवर,
सहा-सात मिनिटं असतील,
आम्ही या मतदारसंघात आघाडीवर होतो.
बाहेर दांडिया बाजारात दूधवाल्याचे कॅन वाजत होते.
कुणालाच काही कळलं नाही.
मग बाईंनी सगळं पुसलं.
शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य.
लाखेचा वास. सही इथे, सही इथेही.

मी जन्मभर विद्यापीठाच्या छापखान्यात मुद्रितं तपासली.
यादी हातात आली की पेन आपसूक चालतं :
उल्हास राजेशिर्के बाई झालेत,
एकाच घरात वडील मुलाहून चार वर्षांनी लहान,
आणि भाग तीन, अनुक्रमांक चारशे सतरा,
विमल दत्ताजी मांढरे, जाऊन दोन उत्तरायणं झाली,
यादीत वय वाढतंच आहे. ब्याऐंशी.
दर खेपेला रांगेत मोठ्याने सांगायच्या
कुणाला देणार ते. अधिकारी हात जोडायचे.

मागच्या वेळी या बूथवर आम्हाला अकरा पडली.
आठशे बासष्टात अकरा.
पाच वर्षं मी ती लोकांवर लावून बघतोय :
मी, विमलताई, जशुभाईंचे साडू, त्यांच्या घरचे तिघे,
सायकलचं पंक्चर काढणारा इस्माइल.
शालिनीला विचारलं तर म्हणाली,
मत विचारायचं नसतं,
आणि वालपापडी मोडत राहिली.
म्हणजे सात. धरून चाला आठ.
बाकीचे रोज समोरून जातात,
पोळ्यांचा डबा घेऊन, देवळातून, बँकेतून,
चेहऱ्यावर काहीही न छापता.

दुपारी गर्दी नव्हतीच, ओसरायला.
इथे घाई कुणाला असते?
निकाल ठाऊक असलेल्या घरी लोक
जेवून, झोपून, चहा घेऊन येतात.
या जागेच्या समासात कुणीतरी कधीच लिहून ठेवलंय
आहे तसे ठेवा.
धनेशभाईंनी गाठियांची पुडी सोडली, मिरच्या माझ्याकडे सरकवल्या.
अडीचला उठून ते पुठ्ठ्याच्या आड गेले.
मशीनचा लांब सूर.
मी यादीत टिक केली.

जशुभाईंची अनामत गेली.
त्यांनी फोनवर विचारलं ते एवढंच :
गुडघे कसे आहेत तुमचे?

बूथनिहाय आकडे हाती आले त्या संध्याकाळी
मी एकशे बेचाळीसची ओळ दोनदा वाचली,
पट्टी लावून, जुन्या सवयीने.
अकरा.
विमलताई नसताना अकरा.
एक अक्षर गळालेलं असून
ओळ तेवढीच भरलेली.

रावपुऱ्याच्या फुटपाथवर दोरा पाजणाऱ्यांनी
खुंट ठोकलेत, हात कोपरापर्यंत गुलाबी.
तिथे नातवाची फिरकी घेऊन धनेशभाई उभे होते.
'तुमच्यापेक्षा आठशे कमी,' मी म्हटलं, 'पण अकरा.'
'एम?' ते म्हणाले,
आणि ओल्या दोऱ्याकडे बघत राहिले,
तो वाळायला किती वेळ लागेल
याचा हिशेब करत असावेत.