दोन पुरुष पाणी

रबाळ्याच्या गाळ्यातून ते यंत्र
आम्ही टेम्पोत घालून ऐरोलीच्या खाडीवर आणलं,
दोन गाद्यांच्या मध्ये.
खड्डा आला की वैजनाथ ‘देवा’ म्हणायचा,
एरवी तो नास्तिक.

आत नखाएवढी चकती.
तिच्यावर बत्तीस ओळी, ओळीत बत्तीस घरं.
प्रत्येक घराला एकच काम:
प्रकाशाचा एक कण आला, एकच,
तर ‘आला’ म्हणायचं, आणि केव्हा ते सांगायचं.
म्हटल्याबरोबर क्षणभर आंधळं व्हायचं.
मग पुन्हा उंबऱ्यावर.

त्यांना गार ठेवावं लागतं, उणे तीस.
नाहीतर स्वतःच्याच उबेनं बरळतात,
झाकण घट्ट लावलं तरी काळोखात ‘आला, आला’.
आमच्या मजल्यावर चित्रेकाकू आहेत,
लिफ्ट कुठेही थांबली तरी दार उघडतात.
तसं.

साडेआठला लेझर सुरू केला.
तो दिसत नाही, डोळ्याला इजाही करत नाही.
लाखो कण तिवरांत गेले,
पानांच्या फटींतून पलीकडे,
आणि हजारांतला एखादा परत आला.
तो किती उशिरा आला, तेवढंच आम्ही टिपत होतो.
एका नॅनोसेकंदाला सहा इंच, जाऊन-येऊन धरून:
माझा तळहात, मनगटापासून मधल्या बोटापर्यंत.
मी काळोख तळहातांनी मोजत बसले होते.

आधी नुसते ठिपके.
मग ठिपक्यांची झाडं,
झाडांमागे जुन्या धक्क्याचे तीन खांब,
आणि खांबांच्या पुढे, तीनशे मीटरवर,
दोन मायक्रोसेकंदांच्या अंतरावर,
माणूस.

चेहरा नव्हता. खांदे होते. हातात काठी.
वैजनाथ म्हणाला, ‘बंद कर, कुणीतरी आहे.’
मी बंद केला.
चित्र पडद्यावर राहिलं.

अर्ध्या तासानं तो काठावर आला,
चिखलाचे पाय, टोपलीत चार-पाच चिंबोऱ्या,
पदू तांडेल.
‘काय मोजताव?’
‘अंतर.’
‘पान्याचं?’
‘नाही काका. पाण्यावर पडलेला प्रकाश
ह्याच्याकडे परत येत नाही.’
तो जरासा हिरमुसला.
म्हणाला, तुमचं यंत्र गाळ सांगतंय का बघायला आलो.
माझा बापूस होता तवा
त्या खांबापाशी दोन पुरुस पानी होतं.
आज काठी घातली, कमरेला लागलं.

दोन पुरुष.
एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला असता,
हात वर केले असते, तरी बुडाला असता.
आमच्या कुठल्याच तक्त्यात हे माप नाही.

मी पडदा त्याच्याकडे वळवला.
त्यानं स्वतःला लगेच ओळखलं, खांद्यावरून,
आणि मग बराच वेळ बघत राहिला.
‘मी निम्माच हाय.’
खरंच. कमरेच्या खाली काही नव्हतं,
काठीही पाण्यापाशीच संपत होती.
ती जिथे टेकली होती, ते फक्त त्याला माहीत.

‘आन् ह्यो कोन?’
त्यानं बोट ठेवलं, त्याच्या डावीकडे, हातभर वर,
हवेत एकटाच ठिपका.
‘कुणी नाही, चूक आहे.
शेजारच्या घरांनी दुजोरा दिला नाही
तर आम्ही पुसून टाकतो.’
बोलताना मला माझंच नवल वाटलं.
एकट्या कणाचं ऐकायला यंत्र बांधायचं,
आणि एकट्याचं ऐकायचं नाही असा त्यात नियम घालायचा.

पदू काही बोलला नाही.
टोपलीतली एक चिंबोरी वैजनाथला देऊ केली,
तो घाबरून मागे सरकला, तेव्हा हसला.
काठी तेवढी आमच्या टेम्पोला टेकून ठेवली,
विडी पेटवेपर्यंत.
तिच्यावर चाकूनं खाचा होत्या,
वरच्या जुन्या, गुळगुळीत,
खालच्या ताज्या.
वैजनाथनं टेप काढली आणि पुन्हा खिशात घातली.

ठिपका मी त्या रात्री पुसला नाही.
फाइलला नाव द्यायचं होतं.
तारीख लिहिली, अंतर लिहिलं, हवामान: दमट.
‘खोली’च्या रकान्यात बोटं थांबली.
मग लिहिलं, कमरेएवढी.
सोमवारी साहेब विचारतील, कुणाच्या.