नाव: माहीत नाही

गुरुवारच्या बोटीनं उर्मास आला,
व्हॅनमध्ये हिऊमा बेटावरचं एक अख्खं घर,
भिंती तेवढ्या मागे राहिलेल्या.

मी यादी करायला बसले.
पितळी वजनं, सातातली सहा.
निळ्या किनारीची बशी, कप दुसऱ्याच घरचा.
बर्फावरचे स्केट, चामडं ताठ, आत कोंबलेला
एकोणीसशे एकसष्टचा पेपर:
दुधाचं उत्पादन वाढल्याची बातमी.
बॅरोमीटर, काटा वादळावर अडकलेला.
टिचकी मारली. वादळच.
बाहेर हापसालूत लख्ख ऊन,
समुद्र परातीतल्या पाण्यासारखा.

किमती मी पेन्सिलीनं लिहिते.
इथलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही,
नुसतं वस्तू खाली ठेवतं
आणि हवेबद्दल बोलू लागतं.

मग तळाशी, गोणपाटात गुंडाळलेलं, ते.
वीतभर लाकूड, टोकाला लोखंडी आकडी,
मधे खाच, कशासाठी कोण जाणे.
चीज कापायचं, उर्मास म्हणाला.
छे, बूट काढायचं, औषधवाली एव्हे म्हणाली.
एका जर्मन प्रवाशानं फोटो काढून फोनला विचारलं.
फोन म्हणाला, बहुधा पक्षी.

शनिवारी दुकान बंद करताना एल्मार आले,
घ्यायला काही नाही, शेगडीपाशी बसायला.
बोलता बोलता त्यांनी ते उचललं,
उजव्या हातातून डाव्यात घेतलं,
आणि अंगठा सरळ एका खळगीत जाऊन बसला.
तीन दिवसांत मला ती दिसली नव्हती.
मनगट दोनदा फिरलं,
हवेतलं काहीतरी ओवलं, ओढलं, आवळलं,
थांबलं.

काय आहे हे?
त्यांनी हाताकडे पाहिलं,
जणू त्यालाच विचारा.
"वडिलांकडे होतं असं. नाव होतं त्याला.
अगदी जिभेवर आहे."
आम्ही वाट पाहिली. चहा निवला.
जिभेवरून ते काही उतरलं नाही.

घेऊन जा, म्हटलं, पैसे नकोत.
"कशाला? जाळी कुठं राहिली आता."
जाळी!
मी दारापर्यंत धावले,
पण आपण काय बोलून गेलो
ते त्यांना कळलंच नव्हतं.
टोपी कानांवर ओढत ते वळणाआड गेले.

रात्री चिठ्ठी लिहिली.
किमतीची जागा कोरी.
नाव: माहीत नाही.
आणि खाली, या खेपेला पेनानं:
डावखुऱ्या माणसाचं होतं.