माप

रावपुऱ्यातून चालत आला, रिक्षा केली नाही.
दारातच मी पाहून घेतलं :
डाव्या पावलाला घाई,
उजव्यावर सगळी उधारी.

"कुठं दुखतं?"
खुबा, तो म्हणाला. बायको म्हणाली, थापो.
बडोद्यात दोन्ही चालतं.
पण पंजा त्यानं विळ्यासारखा वाकवून कुशीखाली धरला,
अंगठा मागे, बोटं जांघेकडे,
आणि बोटं तिथंच लाजून थांबली.
जांघ हा शब्द उच्चारवत नाही माणसांना.
म्हणून तीन ठिकाणी कंबरेचेच फोटो निघाले होते.

आडवं केलं. पाय सरळ उचलला, साठ, सत्तर अंश.
कळ पोटरीत उतरली नाही. कणा सुटला.
बाजूच्या उंचवट्यावर अंगठा रोवला.
"इथं?"
"नाही, बेन."

पुस्तक म्हणतं, पाय चारच्या आकड्यात ठेवा.
आपला ४ म्हणजे नुसती गाठ, सांगू कसं?
"मांडी घाला, एकाच पायाची."
गुडघा अर्ध्यावर अडला.
"चौदाव्या वर्षापासून असाच बसून काजं केली,"
तो छताला म्हणाला.

मग गुडघा दुमडून पाऊल हळूच बाहेर नेलं.
पाऊल बाहेर जातं तेव्हा आतला गोळा आत फिरतो.
फिरायला हवा.
बॉबिनमध्ये दोरा गुंतला की
चाक हाताला जे सांगतं,
तेच. त्यानं ओठ मिटले. मी सोडलं.

उरलं माप. माझी टेप सापडेना,
त्यानं गळ्यातली काढून दिली.
कंबरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत.
"ढिली धरलीत," म्हणाला, आणि स्वतःच ताणली.
डावा अर्धा इंच कमी.

मी वाक्य जुळवत होते.
"मागच्या दिवाळीला पाव होता,"
खुंटीवरची पँट काढत तो म्हणाला,
आणि मोरी उलटून दाखवली :
डावी वर घेतलेली, दोनदा,
टाके इतके बारीक
की धुणारीलाही कळले नव्हते.

ती मोरीकडेच बघत राहिली.
"मला सांगायचं तरी," एवढंच. गुजरातीत.

मी चिठ्ठी लिहिली. हेरंब बारटक्के, एकसष्ट, शिंपी.
फोटो, दोन्ही खुब्यांचा. कंबरेचा नको, खाली रेघ.
टेप टेबलावरच राहिली.
तासाभरानं दुकानातला पोरगा धावत आला,
काकांनी गिऱ्हाईक
हात पसरून उभं ठेवलंय म्हणाला.