चौकट नव्वी

कॅटमध्ये एकावन्न पत्ते होते.
बावन्नावा बाजारात हरवला, कांद्याच्या गाळ्यात,
गाडी लागायच्या आधी गोणपाटावर आम्ही डाव मांडायचो तेव्हा.
आता माझ्या पाठीला पट्टा आहे
आणि गोणी दुसऱ्याच्या खांद्यावर.
कोपरखैरण्याच्या या बैठ्या घरात
चारनंतर प्रांजल येते,
दप्तर दारातच टाकते,
मागून धाकटा विघ्नेश, नाक पुसत.

तिची आई म्हणाली होती,
"सहा आणि नऊ उलटे काढते, आप्पा.
बाई म्हणतात, पोरीचं लक्ष नाही."
लक्ष नाही?
माझ्या चहात साखरेचे किती चमचे पडले
ते ही पाठ फिरवून आवाजावरून सांगते.

मी किलवर छक्की तिच्या हातात दिली.
बराच वेळ बघत बसली.
"वर सहा लिहिलंय, खाली नऊ!
पत्ता खोटं बोलतोय."
"मग किलवर मोज."
सहा.
"आता फिरव."
फिरवली. मोजले. सहा.
पुन्हा फिरवली, न सांगता.
मग आडवी धरली, मग डोक्यावरून,
आणि हसायलाच लागली.

बदाम सातला चौथा भिडू म्हणून
शालन भाकरीचं पीठ झाकून बसते.
पत्ता कमी पडतो म्हणून
कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका कापली मी
बेताच्या मापाची.
"यावर नऊ चौकट काढ."
लाल स्केचपेन घेऊन पालथी पडून काढल्या तिनं.
कोपरे मोकळेच.
"आकडा तुम्ही लिहा."
म्हटलं, चष्मा सापडत नाही.
चष्मा नाकावर होता.

चौकटी आठच होत्या.
शालननं तोंड उघडलं,
मी डोळ्यानंच तिला पास म्हणायला लावलं.

तीन आठवडे ती आठांची नव्वी चालली.
पाठीवर सोनेरी अक्षरांत
'आणू नये' एवढंच उरलेलं,
त्यामुळे कुणाकडे गेली ते सगळ्यांना दिसायचं.
विघ्नेश तिला मांडीखाली दडपायचा.
शालन तर अशी बेरकी,
नव्वी पोरीकडे दिसली की
चौकट अठ्ठी शेवटपर्यंत सोडायची नाही;
"पास," म्हणायची, "नाही गं बाई माझ्याकडे,"
आणि प्रांजल तिच्या तोंडाकडे बघायची.
पहिल्यांदा रडली.
एकदा सगळे पत्ते भिरकावले, राजा मोरीत गेला,
तो पुसून मी उन्हात वाळवला, बोललो काही नाही.
पुढे पुढे ती म्हणायला लागली,
"शालनआजी, असेल तर टाकावीच लागते.
तुमचं तोंड 'आहे' म्हणतंय."

मंगळवारची गोष्ट.
तिच्या हातात एकच पत्ता, पाठीवर 'आणू नये'.
विघ्नेशला नाइलाजानं चौकट अठ्ठी टाकावी लागली.
आता तिनं नुसती ठेवायची. डाव तिचा.
ठेवली नाही.
अठ्ठीच्या शेजारी धरली,
ओठ हलत होते.
"आप्पा, ही नव्वी नाहीये.
ही पण आठच आहे."
"टाक की, आज्जी बघतेय!" विघ्नेशसुद्धा विसरला
आपण कुणाच्या बाजूचे.

ती उठली. दारातल्या दप्तरातून पेन आणलं.
लाल वाळलं होतं, टोक जिभेवर ओलं केलं.
बरोबर मधे एक जागा
इतके दिवस तशीच रिकामी होती.
तिथे नववी चौकट, जरा तिरकी.
मग वरच्या कोपऱ्यात आकडा.
मग पत्ता फिरवला
आणि उरलेल्या कोपऱ्यात तोच आकडा पुन्हा.
मी चष्मा काढून पुसला.

"आता टाकते," ती म्हणाली, जीभ लाल.
विघ्नेश भांडायला उठला:
डाव चालू असताना पत्ता दुरुस्त करायचा नसतो!
बरोबर होतं त्याचं.
शालननं तोंडाला पदर लावला.
डाव रद्द केला.

प्रांजल रुसली नाही.
पत्ते गोळा केले,
छोट्या हातांत मावेनात, तरी पिसले,
दोन खाली पडले,
आणि वाटायलाही
तिनंच घेतले.